माशी धूसर दिसू लागली की: वाढत्या वयात ओपन साइटची रायफल

रायफल खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा, आणि नळीच्या टोकाशी जिथे काळीभोर, कोरीव माशी, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, दिसायची तिथे धुरकट ठिपका दिसायचा. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे बहुतेक नेमबाजांवर ही वेळ येते. माझ्यावर आली तेव्हा मी दोन वर्षं चुकीच्या जागी शोधत होतो. ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर पडणारे गोळ्यांचे पुंजके, पसरायला लागले म्हणून पेलेट (एअर रायफलीचे छर्रे) बदलले, ट्रिगर हलका करून घेतला, बैठक नव्याने बांधली. डोळ्याकडे सगळ्यात शेवटी वळलो. म्हणून या लेखात क्रमाला फार महत्त्व दिलं आहे: आधी डोळा, मग काच, मग छिद्र, मग साइट, मग उजेड, आणि शेवटी सवय. हा क्रम उलटा लावला की पैसे जातात आणि ग्रुप तसेच राहतात.

ओपन साइट म्हणजे मागे खाच आणि पुढे माशी. रेंजवर आता सगळे फ्रंट साइट आणि रिअर साइट म्हणतात, पण मला माशी हा जुना शब्द आवडतो. या साइटने नेम धरताना तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. माझ्या रायफलीवर खाच डोळ्यापासून ४० सेंटिमीटरवर आहे, माशी साधारण १ मीटरवर, आणि लक्ष्य १० किंवा ५० मीटरवर. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी स्पष्ट कोणत्याही डोळ्याला दिसत नाहीत, विशीतल्यालाही नाही. तरुण डोळा त्यांच्यामध्ये इतक्या झटकन ये-जा करतो की सगळंच स्पष्ट असल्याचा भास होतो. वय वाढतं तशी ही ये-जा थांबते.

डोळ्यात काय बदलतं

डोळ्यातलं नैसर्गिक भिंग लहानपणी लवचीक असतं. जवळचं पाहताना ते फुगतं आणि त्याची ताकद वाढते. ही वाढीव ताकद डायऑप्टरमध्ये मोजतात, आणि हिशेब अगदी सोपा आहे: १ भागिले मीटरमधलं अंतर. १ मीटरवरच्या माशीसाठी १ डायऑप्टर लागतो, ४० सेंटिमीटरवरच्या खाचेसाठी २.५ डायऑप्टर, आणि ५० मीटरवरच्या लक्ष्यासाठी जवळजवळ शून्य. चाळिशीत माणसाकडे साधारण ५ डायऑप्टर शिल्लक असतात, पन्नाशीत दोन-अडीच, आणि साठीत जेमतेम एक. शिवाय असेल नसेल ती सगळी ताकद डोळा फार वेळ लावून धरू शकत नाही. निम्मी राखीव ठेवली तरच तो आरामात काम करतो.

आता हे आकडे रायफलीशेजारी ठेवून पाहा. पंचेचाळिशीत आधी खाच जाते, कारण तिला सर्वाधिक ताकद लागते. माशी पन्नाशीनंतर मऊ व्हायला लागते. लक्ष्य मात्र साठीतही छान दिसत असतं, आणि नेमका तिथेच घात होतो. डोळ्याला जे स्पष्ट दिसतं त्याच्याकडेच तो ओढला जातो. नकळत आपण लक्ष्याकडे बघायला लागतो, माशी जागा सोडते, आणि गोळी कुठे गेली याचा पत्ता लागत नाही.

दुसरा बदल उजेडाचा. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते, विशेषतः मंद प्रकाशात ती पूर्वीइतकी उघडत नाही, आणि भिंग पिवळसर व्हायला लागतं. वीस वर्षांच्या माणसाच्या तुलनेत साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, असं मानलं जातं. म्हणून संध्याकाळी आपली रेंज इतरांच्या आधी संपते.

पहिली पायरी: डोळ्यांची पूर्ण तपासणी

चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं वेगळं आणि नेत्रतज्ज्ञाकडून डोळा तपासून घेणं वेगळं. चाळिशीनंतर दुसरं हवंच. बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहिलं जावं, डोळ्यातला दाब मोजला जावा. काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही.

घरच्या घरी करण्याजोगी एक चाचणी आहे. काळ्या कार्डाला जाड सुईने सुमारे सव्वा मिलिमीटरचं भोक पाडा. एक डोळा झाका आणि दुसऱ्याने या भोकातून दूरची एखादी पाटी वाचा. अक्षरं लख्ख झाली तर दोष बहुधा नंबराचा आहे, काचेने सुटेल. भोकातूनही धूसरच दिसलं तर मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा आजार असू शकतो, आणि तिथे कुठलीही साइट उपयोगाची नाही. सरळ रेषा वाकड्या दिसणं, अचानक चमका दिसणं, नजरेपुढे पडदा सरकल्यासारखं वाटणं, यांपैकी काहीही झालं तर रायफल बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात येऊन काही आठवडे स्थिर राहीपर्यंत नेमबाजीचा चष्मा बनवू नका. साखर वरखाली झाली की नंबरही हलतो, आणि आज बरोबर असलेली काच महिन्याने चुकीची ठरते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची वेळ आली असेल तर आपण ओपन साइटने रायफल चालवतो हे डॉक्टरांना आधी सांगा. एकाच अंतराचं भिंग बसवताना ते अंतर कोणतं असावं हे ठरवता येतं. बहुतेकांना दूरचं अंतर दिलं जातं, आणि मग माशीसाठी चष्मा लागतो. त्यात काही बिघडत नाही, फक्त आधी माहीत असावं. अनेक अंतरांची भिंगंही मिळतात, पण ती प्रकाश वाटून टाकतात. त्यामुळे काळ्या-पांढऱ्यातला फरक थोडा फिका पडतो आणि दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. नेमबाजाचा सगळा कारभार काळ्या कडेवर आणि पांढऱ्या फटीवर चालतो, म्हणून हा प्रश्न स्पष्ट विचारून घ्या.

याच टप्प्यावर प्रभावी डोळा कोणता हेही पुन्हा पाहा. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये छोटी फट करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरची वस्तू त्या फटीत आणा आणि आलटून पालटून डोळे मिटा. ज्या डोळ्याला वस्तू फटीतच दिसते तो प्रभावी. एका डोळ्यात मोतीबिंदू वाढला किंवा एकाची शस्त्रक्रिया झाली की हा मान दुसऱ्या डोळ्याकडे जाऊ शकतो. वर्षानुवर्षं उजव्याने नेम धरणाऱ्याला अचानक दोन माश्या दिसू लागल्या, तर कारण हे असू शकतं.

दुसरी पायरी: रायफलीसाठी वेगळी काच

या पायरीवर सगळ्यात जास्त फरक पडतो.

आधी नेहमीचा चष्मा का चालत नाही ते बघू. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. रायफलीवर गाल टेकवला की डोकं पुढे झुकतं आणि आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघायला लागतो. तिथे दूरचा नंबर असतो, तोही कडेचा. मग माशी स्पष्ट करायला माणूस हनुवटी वर करतो, गाल दस्त्यावरून उठतो आणि सगळी बैठक मोडते. वाचायचा चष्माही उपयोगाचा नाही. तो ४० सेंटिमीटरसाठी असतो, त्यातून खाच सुरेख दिसते आणि लक्ष्य पार विरघळून जातं.

पाहिजे ती एकाच नंबराची काच. नंबर असा काढतात: आधी दूरचा नंबर बिनचूक काढायचा, तिरपा नंबर (सिलिंडर) असेल तर तोही त्यात आला. मग त्यात थोडी अधिक ताकद मिळवायची. किती, ते डोळ्यापासून माशीपर्यंतच्या अंतरावर ठरतं. माशी १ मीटरवर, म्हणजे १ डायऑप्टरवर. लक्ष्य जवळजवळ शून्यावर. या दोन्हींच्या बरोबर मध्ये आहे ०.५०. दूरच्या नंबरात +०.५० मिळवले की डोळ्याचा फोकस २ मीटरवर, म्हणजे माशीच्या दुप्पट अंतरावर जातो, आणि माशी व लक्ष्य दोन्ही सारख्याच, अगदी थोड्या प्रमाणात मऊ दिसतात. रायफलीच्या माशीसाठी नेमबाज फार पूर्वीपासून इथूनच सुरुवात करतात. नळी आखूड असेल, माशी ७०-८० सेंटिमीटरवर असेल, तर +०.७५ करून पाहावं.

दूरचा नंबर शून्य असलेल्याची काच +०.५० ची होईल. +१.५० असलेल्याची +२.०० ची. दूरचा नंबर −२.०० असलेल्याची −१.५० ची. आणि ज्याचा नंबर −१.०० आहे तो नशीबवान म्हणायचा: चष्मा काढला की त्याचा फोकस आपोआप १ मीटरवर, थेट माशीवर पडतो. तिरपा नंबर मात्र आहे तसाच ठेवायचा, त्यात काही मिळवायचं नाही.

उघड्या खाचेच्या रायफलीसाठी मी स्वतः माशीच्या बाजूला झुकतो आणि +०.७५ वापरतो. धूसर झालेलं गोल लक्ष्य सगळ्या बाजूंनी सारखंच धूसर होतं, त्याचा मध्य जागेवरच राहतो. माशीची कड धूसर झाली की ती नेमकी कुठे संपते तेच कळत नाही. लक्ष्याची धूसरता चालवून घेता येते, माशीची नाही.

तपासणीला जाताना रायफल नेऊ नका. घरी, रायफल रिकामी आहे याची खात्री करून, नेहमीच्या बैठकीत बसा. दुसऱ्या कुणाला तरी दोरीने डोळ्याच्या कोपऱ्यापासून माशीपर्यंत आणि खाचेपर्यंतचं अंतर मोजायला सांगा आणि दोरीला गाठी मारा. तपासणाऱ्याला ती दोरी दाखवा. त्या अंतरावर पेनाचं टोक धरून ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे काचा बदलून बघायच्या तपासणीच्या चष्म्यात, पाव-पाव डायऑप्टर वाढवत जा: आधी काहीच नाही, मग +०.२५, +०.५०, +०.७५, +१.००. पेनाची कड स्वच्छ, आणि समोरच्या तक्त्यावरची मोठी अक्षरं अजून ओळखता येतात, ती जागा तुमची. डोकं कसं झुकतं तेही दाखवा. तिरपा नंबर मोठा असेल तर डोकं कलल्यावर त्याचा अक्षही कलतो, म्हणून काच बैठकीतल्या डोक्याप्रमाणे बसवून घेणं चांगलं.

ही काच नेहमीच्या फ्रेममध्येही बसवता येते. मात्र तिचा मध्य आपण जिथून बघतो तिथे, म्हणजे थोडा वर आणि नाकाकडे घ्यायला सांगा. नेमबाजीच्या खास फ्रेममध्ये काच सरकवता आणि वळवता येते. नजर काचेला काटकोनात जाते आणि प्रतिमा सर्वांत स्वच्छ मिळते. फक्त अशी एकटी गोल काच डोळ्याचं संरक्षण करत नाही. पॉलिकार्बोनेटची काच आणि बाजूंनी झाकणारी फ्रेम हवी, किंवा वरून सुरक्षा चष्मा. उसळून परत आलेला पेलेट किंवा फुटलेल्या काडतुसातून निघालेला वायू कुणाचं वय बघत नाही.

तिसरी पायरी: छिद्राची करामत

कार्डाच्या भोकातून अक्षरं का सुधारली, ते समजलं की अर्धं काम झालं. वस्तू फोकसपासून जितके डायऑप्टर दूर, गुणिले बाहुलीचा व्यास मिलिमीटरमध्ये, इतके मिलिरेडियन धूसरपणा. १ मिलिरेडियन म्हणजे १० मीटरवर १ सेंटिमीटर. बाहुली ४ मिलिमीटरची आणि लक्ष्य ०.५ डायऑप्टरने चुकलेलं असेल तर धूसरपणा २ मिलिरेडियन: १० मीटरवर २० मिलिमीटर. आंतरराष्ट्रीय एअर रायफल लक्ष्याचा काळा भाग अवघा ३०.५ मिलिमीटरचा असतो, हे लक्षात घेतलं की त्याची कड का विरघळते ते कळतं. आता बाहुलीपुढे १.२ मिलिमीटरचं छिद्र ठेवा. तोच धूसरपणा ६ मिलिमीटरवर येतो. नंबर बदललेला नाही, काच बदललेली नाही.

अपर्चर साइट, म्हणजे मागे खाचेऐवजी बारीक छिद्र असलेली साइट, जिला पीप साइटही म्हणतात, ती याच तत्त्वावर चालते. पण खाच न काढताही छिद्र वापरता येतं. काळ्या इलेक्ट्रिक टेपच्या तुकड्याला सव्वा मिलिमीटरचं स्वच्छ, गोल भोक पाडा आणि तो काचेवर चिकटवा. जागा अशी शोधा: बैठक घ्या, डोळे मिटा, गाल टेकवा, डोळे उघडा आणि खाचेतून माशी बघा. दुसरी व्यक्ती टेप हळूहळू सरकवेल, माशी आणि लक्ष्य छिद्राच्या मधोमध आले की थांबायचं. शोषणचकतीने काचेला चिकटणारी आणि भोक लहान-मोठं करता येणारी तयार साधनंही मिळतात. सतत वापरायचं असेल तर ती जास्त सोयीची.

दोन गोष्टी सांभाळा. छिद्र बाहुलीच्या मध्यावर नसेल तर फोकसबाहेरच्या वस्तू सरकलेल्या दिसतात आणि गोळी एका बाजूला जायला लागते. म्हणून गाल प्रत्येक वेळी त्याच जागी यायला हवा. आणि भोक लहान म्हणजे चांगलं, असं पुढे चालत नाही. १ मिलिमीटरच्या खाली प्रकाशाच्या विवर्तनामुळे कडा पुन्हा मऊ व्हायला लागतात आणि उजेडही फार कमी होतो. ढगाळ दिवशी मी दीड मिलिमीटरवर जातो.

चौथी पायरी: खाच आणि माशी

काच आणि छिद्र झाल्यावरच साइटला हात लावा.

खाच अरुंद असेल तर आधी ती रुंद करा. हिशेब बघा: फोकस माशीच्या बाजूला आणला, म्हणजे +०.७५ ची काच लावली, की ४० सेंटिमीटरवरची खाच १.७५ डायऑप्टरने चुकते. बाहुली ३ मिलिमीटरची असेल तर खाचेच्या कडांवर सुमारे २ मिलिमीटरचा धूसर पट्टा पसरतो. ३ मिलिमीटरच्या खाचेत मग उरतं काय? माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या फटी दिसल्या पाहिजेत, आणि वय वाढतं तशा त्या जाड हव्यात. माशीच्या रुंदीच्या निम्मी फट प्रत्येक बाजूला, इथून सुरुवात करा. खाच चौकोनी असू द्या. व्ही आकाराच्या खाचेच्या तळाशी धूसरपणा साचतो आणि उंची हातातून निसटते. रुंद केल्याने नेम ढिला होईल ही भीती मलाही होती. तसं झालं नाही. दोन जाड फटी सारख्या आहेत की नाहीत हे डोळा सहज ओळखतो. केसाएवढ्या फटी म्हाताऱ्या डोळ्याला दिसतच नाहीत, मग तो अंदाज लावायला लागतो.

दुसरा उपाय म्हणजे खाच नळीवर पुढे सरकवणं. ४० ऐवजी ६० सेंटिमीटरवर नेली तर तिचा कोनीय धूसरपणा जवळजवळ निम्मा होतो. किंमत मोजावी लागते ती दोन साइटमधल्या अंतरात: ते ६० वरून ४० सेंटिमीटरवर येतं. जुळवणीत ०.१ मिलिमीटरची चूक झाली तर ५० मीटरवर आधी ८ मिलिमीटर सरकायची, आता साडेबारा. खाच इतकी धूसर असेल की चूक पाव मिलिमीटरच्या घरात जात असेल, तर हा सौदा फायद्याचा. नाहीतर खाच आहे तिथेच ठेवा. हे काम बंदुकीच्या जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या.

माशी चौकोनी, सपाट माथ्याची, थोडी जाड आणि पूर्ण काळी असावी. लक्ष्याच्या काळ्या भागाएवढी किंवा त्याहून किंचित रुंद माशी साठीतल्या डोळ्याला सोपी जाते. चकचकीत माशी मात्र फसवते. गोल, चमकणाऱ्या मण्यावर उजवीकडून ऊन पडलं की डोळा त्या चमकत्या बिंदूलाच मध्य मानतो आणि गोळी उन्हाच्या उलट दिशेला जाते. यासाठी जुन्या नेमबाजांनी माशीवर काजळी धरली. कापराच्या ज्योतीची काजळी मखमली काळी बसते. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, जवळपास तेल, पुसायचं रसायन किंवा काडतुसं नाहीत, एवढं पाहूनच ज्योत पेटवायची. साइटमध्ये प्लास्टिक असेल तर हा प्रकार नको, मॅट काळा रंग लावा. फायबर ऑप्टिकची रंगीत माशी संध्याकाळी चटकन सापडते हे खरं, पण तिच्याभोवती प्रकाश पसरतो आणि वरची कड हरवते. कागदी लक्ष्यावर बारीक ग्रुप हवा असेल तर ती माझ्या मते अडचणच करते.

नेम कुठे धरायचा, हेही वयाप्रमाणे बदलावं. काळी माशी काळ्या लक्ष्याच्या मध्यात घुसवली की तिचा माथा दिसेनासा होतो. लक्ष्याच्या खालच्या कडेला चिकटवली तर धूसर कडा एकमेकींत मिसळतात, आणि आज चिकटली की उद्या शिरली हे कळत नाही. मधे पांढरी पट्टी सोडा, चांगली जाड. साइट त्याप्रमाणे वर करून घ्या. ग्रुप उभा पसरत असेल तर सगळ्यात आधी हा उपाय करून बघा.

पाचवी पायरी: उजेड

लक्ष्य उजेडात, साइट सावलीत, आणि डोळ्यावर थेट प्रकाश नाही: एवढं साधलं की निम्मी तक्रार जाते. टोपीला पुढे चांगला लांब काठ हवा. पिवळी काच ढगाळ दिवशी काळं-पांढरं उठावदार करते, पण आपलं भिंग आधीच पिवळट असतं, म्हणून सगळ्यांना तिचा उपयोग होत नाही. विकत घ्यायच्या आधी कुणाची तरी लावून बघा. भर उन्हात राखाडी काच बरी.

न नेम धरणारा डोळा मिटू नका. तो मिटताना दुसऱ्या पापणीचेही स्नायू ताणले जातात. त्याच्यापुढे अर्धपारदर्शक, दुधी पट्टी लावा. काळी नको, दोन्ही डोळ्यांना साधारण सारखा प्रकाश मिळू द्या.

सहावी पायरी: सवय

स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये चौसष्टाव्या वर्षी धावत्या हरणाच्या सांघिक नेमबाजीत सुवर्णपदक मिळवलं, आणि १९२० मध्ये अँटवर्पला बहात्तराव्या वर्षी रौप्यपदक. वयाच्या बाबतीत मन खचलं की मी त्यांची आठवण काढतो.

साठीतला डोळा एका जागी फार वेळ टिकत नाही. माझा नियम आठ सेकंदांचा आहे: गाल टेकवल्यापासून आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली. त्यानंतर दिसते ती बऱ्याचदा माशी नसते, डोळ्यात उरलेली तिची छाप असते, आणि मेंदू तिच्यावर समाधान मानतो. दोन शॉटच्या मध्ये दूरवर, फिक्या आणि एकसारख्या पृष्ठभागाकडे बघा. आकाशाकडे नको. चार-पाच वेळा पूर्ण पापणी मिटवा. एकाग्र झालं की आपण पापणी मिटायचंच विसरतो आणि कोरडा डोळा धूसर दिसतो. अश्रूंसारखे थेंब डॉक्टरांना विचारून वापरता येतात, मात्र घातल्या-घातल्या नेम धरू नका, थर पसरायला काही मिनिटं द्या.

आणि रोज दहा मिनिटं रिकाम्या रायफलीने कोऱ्या भिंतीवर सराव. काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर दोनदा तपासलेला, ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर दाबणं, चालणारीच रायफल. समोर लक्ष्य नसल्यामुळे डोळ्याला पळायला जागाच राहत नाही, तो माशीच्या वरच्या कडेवर थांबायला शिकतो. ट्रिगर दाबताना माशी हलली का, एवढंच बघायचं. काच नवी असेल तर पहिले दोन आठवडे मी फक्त हेच करायला सांगेन.

पडताळा

एका वेळी एकच बदल. टेकण लावून, त्याच पेलेटने किंवा काडतुसाने, पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप जुन्या पद्धतीने आणि पाच नव्या पद्धतीने मारा. वहीत तारीख, वेळ, उजेड, काच, छिद्र आणि ग्रुपची रुंदी व उंची वेगवेगळी लिहा. एका चांगल्या ग्रुपवर हुरळून जाऊ नका. काच बदलली की शून्य, म्हणजे साइटचा नेम आणि गोळी लागायची जागा यांचा मेळ, सरकू शकतं, म्हणून आधी ग्रुप आकसला का ते बघा आणि नंतरच साइट फिरवा. स्पर्धेत उतरत असाल तर काच, छिद्र, पट्टी यांबद्दलचे नियम स्पर्धेगणिक वेगळे असतात. विशेषतः काच चेहऱ्यावर आहे की रायफलीला जोडलेली, यावर बरंच काही ठरतं. नियमपुस्तक आधी वाचा.

इतकं करूनही माशी हाती लागत नसेल तर पुढचा मुक्काम मागच्या अपर्चर साइटचा. मागचं छिद्र पाहायचं नसतं, त्यातून पाहायचं असतं, म्हणजे तीनपैकी एक काम कमी झालं. त्याच्याही पुढे रेड डॉट, म्हणजे काचेत प्रकाशाचा ठिपका दाखवणारी साइट, आहे. त्याचा ठिपका डोळ्याला दूर असल्यासारखा दिसतो, म्हणून फक्त दूरचा नंबर नीट असला की पुरतं. ठिपका फाटलेला किंवा शेपटीसारखा दिसला तर साधन परत करायच्या आधी तेच भोक पाडलेलं कार्ड डोळ्यापुढे धरा. भोकातून ठिपका गोल झाला तर साधन ठीक आहे, तुमच्या काचेत तिरपा नंबर भरायचा राहिला आहे.